‘मॅडम, तुम्ही आमच्याच बाजूच्या ना?’ : धायरीतल्या एका खटल्याची हकीकत

आधीच सांगून टाकतो, या खटल्यात मी सरकारी वकील नव्हतो. मयताच्या धाकट्या भावाने, म्हणजे मूळ फिर्यादीने, मला वकीलपत्र दिलं होतं. सेशन्स कोर्टात अशा वकिलाची अवस्था लग्नातल्या लांबच्या मामासारखी असते. खुर्ची मिळते, मान मिळतो, पण अक्षता कधी टाकायच्या ते दुसरंच कुणी ठरवतं. खटला चालवतो तो सरकारी वकील. आपण त्याच्या सूचनेनुसार मदत करायची, चिठ्ठ्या सरकवायच्या आणि पुरावा संपल्यावर कोर्टाने परवानगी दिली तर लेखी युक्तिवाद दाखल करायचा. त्यामुळे हे सगळं मी बाजूच्या खुर्चीवरून पाहिलं, आणि एका टप्प्यावर चुकीच्या बाजूनेही. नावं देत नाही. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

घटना ऑक्टोबर २०१९ ची. धायरीतल्या एका अरुंद गल्लीत, रात्री पावणेअकराच्या सुमारास, फाटकासमोर लावलेल्या टेम्पोवरून भांडण झालं. आधी शिवीगाळ, मग धक्काबुक्की. टेम्पोवाल्याने केबिनमधून टॉमी, म्हणजे जाड लोखंडी कांब, काढली आणि मयताच्या डोक्यात एकच घाव घातला. बाकीच्यांनी लाथाबुक्क्यांनी मारलं. चौथ्या दिवशी दवाखान्यात त्याचा जीव गेला. वय छत्तीस, पदरात दोन लहान मुली.

फिर्याद भावाने दिली. तीत तिघांची नावं होती आणि पुढे चार शब्द होते : ‘व त्यांचा एक साथीदार’. तीन दिवसांनी पुरवणी जबाबात या साथीदाराला नाव मिळालं. टेम्पोवाल्याचा चुलतभाऊ, वय एकोणीस, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. दोन महिन्यांपूर्वी याच गल्लीत त्याची मयताशी बाचाबाची झाली होती. आरोपी क्रमांक चार तो हा. कलम ३०२ सह ३४, म्हणजे सगळ्यांनी मिळून, समान इराद्याने केलेला खून. घटना जुन्या काळातली असल्याने भारतीय दंड संहिता आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिताच लागू होती. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या कायद्यांचे क्रमांक इथे शोधू नका.

त्या पोराने अटक झाल्यापासून एकच धोशा लावला होता, ‘मी दुसऱ्या पाळीला होतो.’ जामिनाच्या अर्जाला त्याच्या वकिलाने हजेरीची एक झेरॉक्स जोडली. पोलिसांनी म्हणणं दिलं की प्रत पडताळलेली नाही. मीही फिर्यादीतर्फे लेखी हरकत घेतली, आणि चांगली खरमरीत घेतली. जानेवारी २०२० च्या शेवटी जामीन फेटाळला गेला. मग करोना आला. पोरगा हायकोर्टातून सुटला तोवर येरवड्यात चौदा महिने झाले होते.

सरकारी वकील नक्की कुणाचा

पुढचं कळायला थोडी व्यवस्था माहीत हवी. मॅजिस्ट्रेट कोर्टात सरकारतर्फे सहायक सरकारी अभियोक्ता उभे राहतात. ते स्पर्धा परीक्षा देऊन आलेले पगारी अधिकारी. सेशन्समध्ये जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील. ते वकिली करणाऱ्यांतून नेमलेले असतात आणि किमान सात वर्षांची वकिली लागते. विशेष सरकारी वकील व्हायचं तर दहा. आमच्याकडे एक अतिरिक्त सरकारी वकील मॅडम होत्या. कपाळावर चष्मा, हातात कायम एक पेन्सिल. शाईने कागदावर काही लिहायच्या नाहीत. ‘पोलिसांच्या कागदावर माझं अक्षर नको,’ असं म्हणायच्या.

लोकांना वाटतं सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा वकील. असं वाटण्यात लोकांची फारशी चूक नाही, कारण एकेकाळी व्यवस्थाच तशी होती. महाराष्ट्रात खालच्या कोर्टातले अभियोक्ते पोलीस खात्याच्या ताब्यात होते. १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते मोडायला लावलं. अभियोक्त्यांचा वेगळा संवर्ग करा, पोलीस खात्याचं नियंत्रण काढा, असा तो आदेश होता. त्याच्या आदल्या वर्षी, १९९४ मध्ये, हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणातही महाराष्ट्राच्याच खटल्यावरून कोर्टाने सांगितलं होतं की सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही, त्याने स्वतःचं डोकं वापरायचं आहे.

याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. पोलिसांपासून वेगळा काढल्यावर सरकारी वकिलाला तपासात ढवळाढवळही करता येत नाही. दोषारोपपत्र कुणावर ठेवायचं, कुणावर नाही, हे पोलीस ठरवतात. आर. सरला प्रकरणात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने तेही स्पष्ट केलं. म्हणजे ताटात काय वाढायचं ते दुसऱ्याने ठरवायचं आणि जेवणाऱ्यांसमोर उभं राहून स्वयंपाकाची जबाबदारी मात्र यांनी घ्यायची. आमच्या मॅडमच्या हाती ही फाइल आली तेव्हा दोषारोपपत्राला दोन वर्षं होऊन गेली होती.

टपरीवाला

पुराव्याला २०२२ मध्ये सुरुवात झाली. साक्षीदार क्रमांक एक, फिर्यादी. त्याने चौघांनाही ओळखलं, चौथ्यालाही. उलटतपासात हलला नाही. पंच टिकले. डॉक्टरांनी कवटीच्या डाव्या बाजूचा खचलेला अस्थिभंग आणि बाकी किरकोळ मुका मार सांगितला. टॉमीवर माणसाचं रक्त, पण सीए, म्हणजे सरकारी रासायनिक विश्लेषकाच्या, रिपोर्टमध्ये रक्तगट निश्चित झालेला नाही. हे नेहमीचंच.

खरी आशा होती समोरच्या पानटपरीवाल्यावर. तो कुणाचा नातेवाईक नव्हता. साक्षीच्या आदल्या दिवशी मॅडमनी त्याला बोलावून जबाब वाचून दाखवला तेव्हा तो जमिनीकडे बघत होता. बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘हा जाणार.’

आणि गेला. ‘मी काही बघितलं नाही, गर्दी होती.’ मॅडमनी कोर्टाची परवानगी घेतली, साक्षीदार फितूर घोषित झाला आणि त्यांनी उलटतपासाच्या पद्धतीने प्रश्न सुरू केले. मी असतो तर आवाज चढवला असता, ‘आरोपींनी पैसे दिले हे खरं आहे का’ वगैरे. त्याला उत्तर ठरलेलं असतं, ‘खरं नाही’, आणि रोजनामा पुढे सरकतो. यांनी सुरुवात टपरीपासून केली.

‘टपरी रोज किती वाजता बंद करता?’

‘साडेअकरा.’

‘त्या दिवशी?’

‘अकराला केली.’

‘लवकर का?’

जरा थांबून, ‘पोलीस आले म्हणून.’

‘म्हणजे पोलीस येईपर्यंत टपरीतच होता.’

‘हो.’

‘टपरीत दिवा आहे?’

‘आहे.’

‘त्या उजेडात समोरच्या फाटकावरची पाटी वाचता येते?’

‘येते.’

‘काय लिहिलंय?’

‘फाटकासमोर गाडी लावू नये.’

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. पुढचा प्रश्न : त्या रात्री पाटीसमोर काय उभं होतं? ‘टेम्पो.’ कुणाचा? आणि मान खाली घालून त्याने आरोपी क्रमांक एकचं नाव घेतलं. घाव पाहिल्याचं शेवटपर्यंत कबूल केलं नाही, पण वेळ, जागा, उजेड, टेम्पो आणि टेम्पोचा मालक एवढं त्याच्याच तोंडून नोंदलं गेलं. फितूर साक्षीदाराची साक्ष पाटी पुसल्यासारखी पुसली जात नाही, त्यातला विश्वासार्ह भाग कोर्ट घेऊ शकतं. १९७६ च्या सत पाल प्रकरणापासून हा कायदा पक्का आहे. पण घेण्याजोगं काही आधी नोंदलं गेलेलं असावं लागतं.

पोलिसांसमोरच्या जबाबात त्याने टॉमीचा घाव सांगितला होता. तेवढं वाक्य त्याला वाचून दाखवलं, त्याने ‘असं सांगितलं नाही’ म्हटलं, त्या वाक्याला ‘पोर्शन मार्क ए’ अशी खूण झाली. नवख्यांसाठी एक गोष्ट सांगतो. ही खूण केली म्हणजे वाक्य सिद्ध झालं असं नाही. तपासी अधिकारी पिंजऱ्यात आला की त्याला विचारावं लागतं, ‘हे वाक्य साक्षीदाराने तुम्हाला असंच सांगितलं होतं का?’ हा एक प्रश्न राहून गेल्यामुळे विसंगती हवेत लटकत राहिलेली प्रकरणं मी मोजायची सोडली आहेत. आणि सिद्ध झाली तरी ती फक्त विसंगती. पोलीस जबाब स्वतंत्र पुरावा होत नाही.

बस्त्यातला कागद

तपासी अधिकाऱ्याच्या साक्षीची तयारी करायची म्हणून मॅडमनी पोलीस ठाण्याचं मूळ दप्तर मागवलं. कोर्टातली दोषारोपपत्राची प्रत नव्हे, ठाण्यातली फाइल. बहुतेक जण ती मागवत नाहीत. वेळच नसतो. एकेका सरकारी वकिलाच्या बोर्डावर दिवसाला इतकी प्रकरणं असतात की दोषारोपपत्र वाचून झालं तरी गंगेत घोडं न्हालं. पैरवीच्या, म्हणजे ठाण्यातर्फे कोर्टाचं काम बघणाऱ्या, हवालदाराने कापडात बांधलेला बस्ता आणून टेबलावर ठेवला, मॅडम एकेक पान उलटत होत्या, मी समोर चहा पीत होतो.

शिवाजीनगर कोर्टाबाहेर तेव्हा मेट्रोचं काम चालू होतं, खिडकी बंद ठेवली तरी कागदांवर धूळ बसायची. एका पानावर त्यांनी फुंकर मारली आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

चाकणच्या कंपनीचं पत्र होतं, फेब्रुवारी २०२० मधलं. पोलिसांनीच पडताळणीसाठी पाठवलेल्या पत्राला उत्तर. सोबत मशीनच्या हजेरीची दोन पानं. आरोपी क्रमांक चार : आत दुपारी ३.१२, बाहेर रात्री ११.३६. घटनेची वेळ पावणेअकरा. चाकण ते धायरी चाळीसेक किलोमीटर. पत्रावर ठाण्याचा आवक शिक्का होता. दोषारोपपत्र त्याआधी महिनाभर गेलेलं, नव्वद दिवसांची मुदत गाठायला. पुरवणी दोषारोपपत्र कुणी पाठवलं नाही. अधिकारी बदलून गेले, पत्र बस्त्यात राहिलं. मला तरी यात कपट दिसत नाही. कपट असतं तर कागद राहिला नसता. कुणाच्याच टेबलावर ते काम नव्हतं, इतकंच.

मी काय म्हणालो ते लपवत नाही. म्हणालो, ‘मॅडम, या प्रिंटला कलम ६५-ब चं प्रमाणपत्र नाही. पुराव्यात येतच नाही. आपण दोषारोपपत्रावर चालवतोय, हा त्याचा भाग नाही. बचावाला हवं असेल तर ते आणतील.’

प्रत्येक वाक्य कायद्याने बरोबर होतं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ‘प्रमाणपत्र मागवता येतं. खोतकरांचं जजमेंट वाचलंय ना?’ वाचलं होतं. २०२० चं, जालन्याच्या निवडणुकीतून गेलेलं प्रकरण. इलेक्ट्रॉनिक नोंदीला प्रमाणपत्र अनिवार्य, पण ते मिळत नसेल तर कोर्टाकडून मागवून घेता येतं, खटला चालू असेपर्यंत. मग म्हणाल्या, ‘आणि यादी तर मला द्यावीच लागेल.’

ही यादी म्हणजे काय, ते सांगायला हवं. पोलीस ज्या कागदांवर भिस्त ठेवतात त्यांच्या प्रती आरोपीला मिळतात. भिस्त न ठेवलेले कागद वर्षानुवर्षं कुणाला दिसायचेच नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींवर स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात नमुना नियम मंजूर केले. त्यात जप्त केलेल्या पण न वापरलेल्या कागदांची, जबाबांची यादीही आरोपीला द्यावी असं आलं. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या फाशीच्या प्रकरणात कोर्टाने सांगितलं की सरकार पक्षाने सर्वच फौजदारी खटल्यांत हे पाळावं. आमचा बस्ता उघडला तो २०२३ च्या सुरुवातीला. मॅडमना पळवाट नव्हती असं म्हणता येईल. पण पत्र ‘जप्त’ केलेलं नव्हतं, नुसतं आलेलं होतं, असा कीस काढायला जागा होती. मी असतो तर काढला असता.

कोर्टाच्या पायऱ्यांवर

फिर्यादीला हे सांगायचं काम माझ्यावर आलं आणि मी ते मॅडमवर ढकललं. पायऱ्यांच्या कडेला, झेरॉक्सच्या दुकानापाशी, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मॅडम, तुम्ही आमच्याच बाजूच्या ना?’

‘मी तुमची वकील नाही, दादा. तुमचे वकील हे आहेत.’

‘मग माझ्या भावाचं कोण?’

यावर त्या लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘हा कागद मी दाबला आणि उद्या हायकोर्टात निघाला, तर तिथला पहिला प्रश्न असेल, फिर्यादीने अजून काय काय खोटं सांगितलं? टॉमी मारणारासुद्धा त्याच दारातून बाहेर जाईल.’

‘मी खोटं सांगितलेलं नाही. चौथा होता.’

‘चौथा होता, हे मी मानते. तो हाच होता का, ते विचारतेय.’

तो काही न बोलता निघून गेला. महिनाभर माझा फोन उचलला नाही.

खटला काढून घेण्याचा विचारही झाला. कलम ३२१ खाली सरकारी वकील कोर्टाच्या संमतीने एखाद्या आरोपीपुरता खटला मागे घेऊ शकतो, आणि तो निर्णय त्याने स्वतंत्र बुद्धीने घ्यायचा असतो. २०२१ च्या के. अजित प्रकरणात, केरळ विधानसभेतल्या तोडफोडीच्या खटल्यात, ते पुन्हा अधोरेखित झालं. मॅडमनी तो मार्ग नको म्हटलं. प्रत्यक्षदर्शी शपथेवर सांगतोय की हा होता, कागद सांगतोय की नव्हता. दोन्हींचं वजन न्यायाधीशांनी करावं. त्यांनी नवा साक्षीदार बोलावण्यासाठी कलम ३११ खाली अर्ज दिला, कंपनीच्या अधिकाऱ्याला समन्स निघालं, तो सर्व्हरवरची नोंद आणि प्रमाणपत्र घेऊन आला.

त्या दिवशी मला स्वतः उलटतपास घ्यायचा होता. घेता येत नाही. रेखा मुरारका प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने पीडिताच्या वकिलाला साक्षीदार तपासण्याची, तोंडी युक्तिवादाची मुभा नाकारली आहे. सुचलेले प्रश्न सरकारी वकिलाकडे द्यायचे. मी चिठ्ठी सरकवली : ‘दुसऱ्याने त्याच्या नावाने पंच केलं असेल तर?’ मला वाटलं होतं त्या दुर्लक्ष करतील. त्यांनी प्रश्न विचारला, पूर्ण गांभीर्याने, तीन उपप्रश्नांसह. मशीन अंगठ्याचं आहे का, बिघाडाच्या दिवशी हाताने नोंद करतात का, त्या दिवशी बिघाड होता का. अधिकाऱ्याने त्या पाळीच्या उत्पादनाचा तक्ताही आणला होता. रात्री सव्वादहाच्या नोंदीसमोर त्या पोराची सही होती. मी चिठ्ठ्या बंद केल्या.

तपासी अधिकाऱ्याकडून पोर्शन मार्क सिद्ध झाला. पत्राबद्दल विचारल्यावर त्यांनी ‘आवक शिक्का आमच्या ठाण्याचा आहे’ एवढंच सांगितलं.

शेवटच्या युक्तिवादात मॅडमनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की आरोपी क्रमांक चारविरुद्ध दोष सिद्ध झाला असं सरकार पक्ष म्हणत नाही. फिर्यादीबाबत त्यांची मांडणी अशी : भाऊ समोर पडलेला, धावपळ, चौथ्याची पाठच दिसलेली, जुन्या भांडणामुळे मनात आलेलं नाव. ओळखण्यात चूक आहे, खोटेपणा नाही. एक गोष्ट चुकली म्हणून साक्षीदाराचं सगळंच खोटं, हे सूत्र आपली न्यायालयं मानत नाहीत. आणि मग पहिल्या आरोपीवर दीड तास. टेम्पो, टपरीचा उजेड, टॉमीचा मेमोरँडम पंचनामा (आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडल्याची नोंद), डॉक्टर. त्या दीड तासात बचावाच्या वकिलाला एकदाही ‘सरकार पक्ष काहीतरी लपवतोय’ असं म्हणता आलं नाही. त्यांचा ठरलेला पहिला मुद्दा तोच असतो.

निकाल २०२४ मध्ये लागला. अचानक उद्भवलेलं भांडण, एकच घाव म्हणून कोर्टाने ३०२ ऐवजी ३०४ भाग दोन, म्हणजे खून नव्हे तर सदोष मनुष्यवध, धरला, टेम्पोवाल्याला सात वर्षं सक्तमजुरी. दोन आणि तीनला मारहाणीबद्दल, भोगलेल्या कैदेइतकी शिक्षा. चौथा निर्दोष. ३०२ सुटलं याचं मला अजूनही वाईट वाटतं. घाव डोक्यावर होता, टॉमी केबिनमधून काढून आणली होती, आणि लेखी युक्तिवादात मी त्यावर सहा पानं खर्च केली होती.

फौजदारी प्रक्रियेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम २० मध्ये, अभियोग संचालनालयाची कामं वाटून दिली आहेत. सात ते दहा वर्षांच्या गुन्ह्यांत उपसंचालकाने पोलीस अहवालाची छाननी करायची असं लिहिलं आहे. दहा वर्षं, जन्मठेप, फाशीच्या गुन्ह्यांसाठी संचालकाकडे देखरेख, खटल्याला गती आणि अपिलाबाबत मत आहे, छाननी हा शब्द तिथे नाही. म्हणजे खुनाच्या खटल्यात ठाण्यातला बस्ता कुणी मागवायचा, हे अजूनही त्या त्या टेबलावरच्या माणसावर आहे.

निकालानंतर पंधरा दिवसांनी फिर्यादी माझ्या ऑफिसात आला. कलम ३७२ च्या परंतुकाखाली पीडिताला निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करता येतं, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ‘चौथ्यावर करू या, वकीलसाहेब.’ मी काही न बोलता कंपनीच्या पत्राची प्रत त्याच्यासमोर ठेवली. तोवर त्याने ती हातात घेऊन वाचलेली नव्हती. बोट ठेवून त्याने वेळ मोठ्याने वाचली, अकरा छत्तीस. मग फिर्यादीची प्रत मागितली आणि स्वतःच्या सहीच्या वरच्या ओळीवर बोट नेलं, ‘व त्यांचा एक साथीदार’.

‘मग तो कोण होता?’ त्याने विचारलं. ‘पाच वर्षांत कुणी शोधला का?’

मी फाइल पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला घेतली.